प्रवासाचे प्रश्न : दोघांचं रोम, चार दिवसांत

प्रश्न : मार्चमध्ये आम्ही दोघं रोमला जातोय. शनिवारी रात्री पोहोचतो, हाती रविवार ते बुधवार. माझे गुडघे दुखरे आहेत, चालते पण जपून. कशाला कोणता दिवस द्यावा? (वाचिका, सातारा)

उत्तर : रोममध्ये आधी सुट्ट्या बघायच्या आणि मग बेत आखायचा. व्हॅटिकन म्युझियम्स रविवारी बंद (महिन्याचा शेवटचा रविवार सोडून). बोर्गेझे गॅलरी सोमवारी बंद. बुधवारी सकाळी पोपची सार्वजनिक भेट असली की सेंट पीटर्स बॅसिलिका (व्हॅटिकनचं मोठं चर्च) दुपारपर्यंत उघडत नाही.

म्हणून रविवारी पायी फिरण्याचा भाग घ्या: नव्होना चौक, पँथिऑन, त्रेव्ही कारंजं. तिन्ही एकमेकांजवळ आहेत. पँथिऑन हे मुळात प्राचीन रोमन मंदिर, पण ते आजही चर्च आहे आणि रविवारी सकाळी तिथे प्रार्थना असते, तेव्हा दुपारी जा. सुमारे 43 मीटर व्यासाचा तो घुमट सळईविना, नुसत्या काँक्रीटचा आहे. मधल्या उघड्या छिद्रातून पाऊस थेट आत पडतो. खालच्या फरशीत पाणी जायला बारीक भोकं ठेवली आहेत, ती जरूर शोधा.

सोमवारी दुपारी कलोसियम. त्याचं साधं तिकीट 24 तास चालतं आणि त्यात फोरम (प्राचीन रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष) व शेजारची पॅलेटाइन टेकडीही येते. बहुतेक लोक तिन्ही एका दमात उरकतात आणि शेवटी फोरममध्ये नुसते पाय ओढत चालतात. तुम्ही फोरम मंगळवारी सकाळवर ठेवा. सोमवारी सकाळी कॅपिटोलिन टेकडीवरच्या नगरपालिकेच्या इमारतीमागे जा. तिथून सगळा फोरम फुकटात, वरून दिसतो आणि दुसऱ्या दिवशी कोणते खांब कशाचे ते कळतं. कलोसियमच्या पायऱ्या उंच आहेत. लिफ्ट आहे, दारावरच विचारा. फोरममधल्या जुन्या रस्त्याचे दगड मोठे आणि उंचसखल आहेत, जाड तळव्याचे बूट हवेतच. पॅलेटाइनचा चढ खुशाल सोडा, पण टायटस या रोमन सम्राटाच्या कमानीपर्यंत जाच. कमानीच्या आतल्या भिंतीवर, जेरुसलेमच्या मंदिरातून लुटलेला सात फाट्यांचा दीपवृक्ष खांद्यावरून नेणारे सैनिक कोरलेत.

मंगळवारी दुपारी बोर्गेझे. आरक्षणाशिवाय आत सोडत नाहीत आणि दोन तासांनी बाहेर यावं लागतं. बर्निनीच्या ‘अपोलो आणि डाफ्ने’ या शिल्पाला (अपोलो देवापासून पळताना झाड होणारी डाफ्ने) त्यातला वेळ राखून ठेवा आणि भोवती पूर्ण फेरी मारा: मागून येताना पळणारी मुलगी दिसते, पुढे आल्यावर तिच्या बोटांना पानं फुटलेली.

बुधवारी सकाळी व्हॅटिकन म्युझियम्स, दुपारी बॅसिलिका. दोन्हींची दारं वेगळी आहेत, मध्ये तटाबाहेरून बरंच चालणं आहे. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, हे पुरुषांनाही लागू. बॅसिलिकेच्या घुमटावर चढू नका: लिफ्ट घेतली तरी 320 पायऱ्या उरतात.

प्रश्न : कलोसियमचं तिकीट कधी काढावं? (वाचक, पुणे)

उत्तर : अधिकृत संकेतस्थळावर भेटीच्या 30 दिवस आधी विक्री सुरू होते. त्या दिवशीच बसा. उशीर केला की उरतात ती दलालांची महाग तिकिटं. तिकिटावर नाव छापलेलं असतं आणि दारावर ते पासपोर्टशी ताडतात. आपल्याकडे पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये असतं. पासपोर्टवर आहे तसंच, त्याच स्पेलिंगने लिहा.

प्रश्न : आम्ही अंडंही खात नाही. पास्ता-पिझ्झा चालेल ना? (वाचिका, सोलापूर)

उत्तर : चालेल, पण जे शाकाहारी दिसतं तिथेच रोम चकवतं. मार्चमध्ये मिळणारी ‘पुंतारेल्ले’ ही कोशिंबीर म्हणजे गार पाण्यात कुरळ्या झालेल्या हिरव्या-पांढऱ्या पट्ट्या. वरच्या लसूण-तेलात मासळी वाटलेली असते. भोपळ्याच्या फुलांच्या भज्यांत चीजबरोबर तीच मासळी भरतात. ‘सुप्ली’ या भाताच्या गोळ्यांत बहुधा खिमा असतो. काळी मिरी आणि चीजचा ‘काचो ए पेपे’ मागताना पास्ता कोणता ते विचारा: ‘तोन्नारेल्ली’त अंडं असतं, सुक्या स्पॅगेटीत नसतं. त्यातलं पेकोरिनो चीज मात्र कोकराच्या पोटातल्या रेनेटने (दूध जमवणाऱ्या पदार्थाने) जमवतात. ते नको असेल तर ‘मारिनारा’ पिझ्झा घ्या: टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल, चीज नाहीच. पुदिना-लसूण घालून शिजवलेलं किंवा यहुदी पद्धतीने अख्खं तळलेलं आर्टिचोक (कळीसारखी दिसणारी भाजी) याच हंगामात उत्तम मिळतं. ऑर्डर देताना म्हणा, ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा उओवा’: मांस, मासा, अंडं नको. आणि ‘अलिची’ आहे का, हे वेगळं विचारा. ती छोटी मासळी कित्येकांच्या हिशेबात मसाल्यातच जमा असते.

प्रश्न : विमानतळावरून शहरात कसं जावं? बसचं तिकीट? (वाचक, मडगाव)

उत्तर : फ्युमिचिनो विमानतळावरून ‘लिओनार्दो एक्सप्रेस’ ही गाडी 32 मिनिटांत तेर्मिनी स्थानकाला नेते. मुक्काम त्रास्तेवेरे या भागात असेल तर ती घेऊ नका. साधी लोकल तिथे थांबते आणि स्वस्तही पडते. बसचं कागदी तिकीट चढल्याबरोबर यंत्रात छापून घ्या, न छापलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट आणि दंड. कार्ड टेकवून जाणार असाल तर दोघांनी दोन वेगळी कार्डं वापरा. व्हॅटिकनकडे जाणाऱ्या 64 नंबरच्या बसमध्ये पाकीट पुढच्या खिशात ठेवा.

प्रश्न : रस्त्यावरच्या नळाचं पाणी प्यावं का? (वाचिका, नाशिक)

उत्तर : बिनधास्त. रिकामी बाटली जवळ असू द्या. बाटली नसेल तर ‘नासोने’ या लोखंडी नळाचं खालचं तोंड बोटाने दाबा. वरच्या बारीक भोकातून पाण्याची धार तोंडापर्यंत उडते.