बोटीवर नोकरी केलेल्या मामांच्या पेटीत पोलंडमधल्या ग्दिनिया शहराचं चांदीचं पदक सापडलं. त्यावर १९२६ हे साल आणि बोटीच्या नाळेसारखी एक इमारत आहे, झ्लॉटीचा (पोलंडच्या चलनाचा) आकडा नाही. घासून चकचकीत करू की सराफाला विकू?

घासू नका. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

मीही बोटीवर होतो. ग्दिनियाच्या जुन्या बाजारातून असंच एक पदक आणलं होतं. गुहागरला आल्यावर आईने समईबरोबर तेही आमसूल आणि राखेने घासलं. त्यावरच्या इमारतीच्या खिडक्यांच्या ओळी आधी नखाला लागायच्या, त्या पुसट झाल्या. मोकळ्या भागावर राखेचे बारीक ओरखडे पडले ते पडलेच. काळपटपणा म्हणजे हवेतल्या गंधकाने चढलेला पातळ थर, त्याने काही बिघडत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात तो चढणारच. सुती कापडात गुंडाळून ठेवा. मऊ प्लॅस्टिकची पिशवी आणि रबरबँड मात्र नको.

त्यावर झ्लॉटीचा आकडा नाही म्हणता, म्हणजे ते नाणं नव्हे. काठावर ९२५ असेल तर साडेब्याण्णव टक्के चांदी. पण सराफाच्या लेखी ती मोडच, वजनावर भाव करून वितळवेल.

आता त्या १९२६ बद्दल. पहिल्या महायुद्धानंतर पोलंडला समुद्रकिनारा मिळाला तो चिंचोळा, आणि शेजारचं मोठं बंदर डान्झिग (आजचं ग्दान्स्क) त्यांच्या ताब्यात नव्हतं. म्हणून तादेउश वेंदा या इंजिनिअरच्या आराखड्यावर ग्दिनिया नावाच्या कोळीवाड्यात नवं बंदर बांधायला घेतलं. १० फेब्रुवारी १९२६ ला त्या गावाला शहराचा दर्जा मिळाला आणि १९३९ पर्यंत वस्ती लाखाच्या वर गेली. आपलं दाभोळ बंदर शेकडो वर्षं गाजून थंडावलं, आणि हे शहर माझ्या आईपेक्षा एका वर्षाने लहान! जुना राजवाडा नाही, किल्ला नाही, त्यामुळे मिरवायच्या त्या १९३० च्या दशकातल्या पांढऱ्या, गोलाईदार इमारती. तुम्ही लिहिलेली बोटीच्या नाळेसारखी इमारत बहुधा १९३६ ची, विमा कचेरीसाठी बांधलेली. ती आहे तो रस्ताही '१० फेब्रुवारी' नावाचाच. मी तिच्यासमोर उभा राहिलो तेव्हा खरंच वाटलं, आता भोंगा वाजेल.

विकायचंच असेल तर पदकं जमवणाऱ्याला विका, सराफाला नको. आणि त्याआधी पेटीत मामांचं सीडीसी (खलाशाच्या नोकरीच्या नोंदींचं पुस्तक) आहे का बघा. कुठल्या साली, कुठल्या बोटीवर होते ते त्यात सापडेल. ते पदकासोबतच ठेवा.