सगळं सांगितलं तर पोराच्याच अंगाशी येईल का?

मुलाला निरीक्षणगृहात (गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांना चौकशी चालू असताना ठेवतात तिथे) ठेवलंय हे कळलं की आईबाप आधी वकील आणि जामीन यांच्यामागे धावतात. मग कुणीतरी सांगतं, परिवीक्षा अधिकारी (मुलाची आणि घरची माहिती काढून अहवाल देणारा) घरी येणार, समुपदेशक चाचण्या घेणार, आणि नवी धास्ती सुरू होते. आपण बोलू ते लिहून घेतील आणि उद्या बाल न्याय मंडळापुढे, म्हणजे जिथे मुलाचं प्रकरण चालतं तिथे, पोराच्याच गळ्यात घालतील. म्हणून नातेवाईक बजावतात, 'जास्त काही बोलू नका.'

मी अशीच एक समुपदेशक. अशाच तयारीने एक आई माझ्यासमोर बसली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, बाल न्याय कायद्याचं कलम ७४ तसं बंधनच घालतं.) मुलगा पंधरा वर्षांचा, दोन सज्ञान पोरांबरोबर मोटारसायकल चोरीत सापडलेला. शाळेत जातो का? "जातो की." घरात कुणाला व्यसन? "छे, कुणालाच न्हाई." लहानपणी मोठं आजारपण, कुठे पडणं-झडणं? "काय बी न्हाई मॅडम, लई गुणाचं लेकरू हाय." सोबत आलेली तिची जाऊ पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

मी खोदून विचारलं नाही. आधी मुलाला बोलावलं.

वाक्यपूर्ती नावाची एक साधी चाचणी असते. अर्धी वाक्यं छापलेली असतात, मुलाने ती आपल्या मनाने पुरी करायची. त्याने कागद घेतला, मागेपुढे करून पाहिला आणि म्हणाला, "मॅडम, डोळे दुखतात. तुम्हीच वाचा ना." मी वाचलं, 'मला सगळ्यात जास्त भीती वाटते...' तो लगेच म्हणाला, "वर्गात वाचायला उभं करतात त्याची." पोलिसांची नाही, मंडळाची नाही. नंतर ठोकळ्यांची नक्षी जुळवायला दिली, तर गड्याने अवघड नक्षीसुद्धा भराभर लावून दाखवली. बिने-कामत चाचणीतही बुद्धी वयाला साजेशी निघाली. वाचन मात्र दुसरीच्या मुलाइतकं, तेही अडखळत. 'ब' आणि 'व' त्याला सारखेच दिसत होते. म्हणजे अध्ययन अक्षमतेची (बुद्धी चांगली असूनही वाचणं-लिहिणं जड जाण्याची) दाट शक्यता. पक्कं निदान एका बैठकीत होत नाही, म्हणून त्याला पुढच्या तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयात पाठवा असं मी लिहिलं.

मग आईला परत बसवलं. तिच्या मनात दोन भीती होत्या. एक, चाचण्या घेऊन पोराला 'येडा' ठरवतील. त्यावर मी तिला त्याची ठोकळ्यांची गोष्टच सांगितली. दुसरी भीती मात्र खरी होती आणि तिला खरंच उत्तर द्यायला हवं होतं. माझ्याशी बोललेलं सगळं गुपित राहत नाही, कारण माझा अहवाल मंडळाकडे जातो. हे मी मुलालाही पहिल्याच वाक्यात सांगते. पण त्या रात्री काय घडलं, गाडी कुणी उचलली, हे मी विचारत नाही. मुलगा आपणहून बोलू लागला तर थांबवते आणि वकिलांशी बोल म्हणते. गुन्हा केला की नाही हे ठरवायला मंडळ आहे. सामाजिक तपासणी अहवालाचं काम वेगळं: हा मुलगा कुठून आला, त्याच्याभोवती कोण आहे, त्याला काय दिलं तर तो सावरेल. परिवीक्षा अधिकाऱ्याने तो मुलाला पहिल्यांदा हजर केल्यापासून १५ दिवसांत द्यायचा असतो. कलम ९९ नुसार तो गोपनीय असतो, शेजारीपाजारी वाचायला मिळत नाही.

आई गप्पच राहिली. बोलली ती जाऊ. "आता सांग की अक्का. आठवीतच शाळा सुटली त्याची." मग एकेक निघत गेलं. बाप संध्याकाळी शुद्धीवर नसतो. पोरगं गॅरेजवर जायला लागलं. तिथली ती दोन मोठी पोरं त्याला रोज वडापाव चारायची, फिरवायची, आणि 'तू लहान हायस, तुला कोन काय करत न्हाई' म्हणायची.

हे शेवटचं वाक्य झाकून ठेवलं असतं तर नुकसान कुणाचं होतं? बेकायदा कामासाठी मुलांचा वापर करणाऱ्या सज्ञान माणसाला कलम ८३ खाली ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. मोठ्यांनी वापरून घेतलं का, हा मुद्दा अहवालात यावाच लागतो. 'वर्तणूक चांगली, घर सुखी' एवढंच लिहिलेले अहवाल मी खूप पाहिलेत. नाव बदललं की कुठल्याही मुलाला चालतात, आणि म्हणूनच कुठल्याच मुलाच्या कामाला येत नाहीत.

एक बाब वेगळी काढून सांगते. मुलगा १६ ते १८ वयाचा असेल आणि किमान ७ वर्षं शिक्षेचा गुन्हा असेल, तर कलम १५ खाली प्राथमिक मूल्यांकन होतं. त्यावर खटला प्रौढासारखा चालू शकतो का, हे अवलंबून असतं. हे मूल्यांकन म्हणजे खटला नव्हे असं कायदाच म्हणतो, तरी तिथे वकिलांशी बोलल्याशिवाय मूल्यांकनाला बसू नका. मंडळात बालमानसशास्त्राचा जाणकार नसेल तर तज्ज्ञाची मदत घेतलीच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं आहे. ती मागायला संकोच नको.

या मुलाला मंडळाने परिवीक्षेवर, म्हणजे देखरेखीच्या अटीवर, आईच्या ताब्यात दिलं. गॅरेज बदललं. मुक्त विद्यालयातून आठवीची परीक्षा द्यायचं ठरलंय, पण फॉर्म अजून भरलेला नाही आणि तो पुस्तकाला हात लावायला तयार नाही, हेही खरं. बाप एकदाच भेटायला आला. अहवालात मी त्याच्या व्यसनाबद्दल लिहिलं म्हणून माझ्यावर रागावून गेला.

तुमच्यावर अशी वेळ आली तर येताना शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला आणि दवाखान्याचे जुने कागद घेऊन या. फिट, डोक्याला मार, चालू गोळ्या, काहीही असलं तरी सांगा. शाळेत मार खाल्ला असेल, घरात खाल्ला असेल, तेही.