पथदिव्यांचे कंत्राट घरात आणि उमेदवारीही घरात?

प्रश्न : मी ४३ वर्षांची गृहिणी आहे. गेल्या वर्षी आमच्या प्रभागात रस्त्यावरचे दिवे बंद असलेल्या पट्ट्यात मंगळसूत्र हिसकावण्याचे प्रकार लागोपाठ झाले. महापालिकेत अर्ज देऊन थकल्यावर आम्ही साठ-सत्तर बायकांनी चौकात रास्ता रोको केला. पोलिसांनी बाराजणींवर गुन्हा दाखल केला, त्यात मीही आहे. दोषारोपपत्र कोर्टात गेले आहे. आता सगळ्या म्हणतात, महापालिकेला तूच उभी राहा. मुद्दे तेच : दिवाबत्ती, नळाला पाणी, कचरा आणि प्रभागात पोलीस चौकी. अडचण अशी की यजमानांची विद्युत कामांची भागीदारी फर्म आहे आणि आमच्याच महापालिकेचे पथदिव्यांच्या देखभालीचे कंत्राट तिच्याकडे आहे. ते काम दुसऱ्या प्रभागात चालते. बँकेच्या कर्जासाठी म्हणून मीही दहा टक्क्यांची भागीदार आहे, पण सही करण्यापलीकडे काही पाहत नाही. कंत्राट दिरांच्या नावावर केले तर चालेल का? निवडणुकीआधी यजमानांनी पदरचे पैसे घालून आमच्या गल्लीत दिवे बसवून दिले तर? गुन्ह्यामुळे अर्ज बाद होईल का? आमची महापालिका मुंबईबाहेरची आहे.

उत्तर : ताई, गुन्ह्याच्या विचाराने तुमची झोप उडालेली दिसते आणि भागीदारीचा उल्लेख तुम्ही जाता जाता केला आहे. मी तुमच्या जागी असतो तर नेमके उलटे केले असते.

मुंबई सोडून राज्यातल्या महापालिकांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ लागू होतो. त्यातले कलम १० अपात्रतेचे. महापालिकेशी झालेल्या कंत्राटात ज्या व्यक्तीचा स्वतःचा किंवा तिच्या भागीदाराचा, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, हिस्सा किंवा हितसंबंध आहे, ती निवडून येण्यास आणि नगरसेवक राहण्यास अपात्र ठरते. काम कोणत्या प्रभागात चालते, याला इथे काडीचे महत्त्व नाही. कंत्राट महापालिकेचे आहे ना, मग ते शहराच्या दुसऱ्या टोकाला असले तरी तेच. दहा टक्के की एक टक्का, हाही प्रश्न नाही. आणि ‘नावापुरती भागीदार’ हा प्रकार आपल्याकडे घरोघरी असला तरी भागीदारी अधिनियम, १९३२ ला तो ठाऊक नाही. करारपत्रावर तुमचे नाव आहे, नफ्यात वाटा आहे, म्हणजे तुम्ही भागीदार आहात. हिशेबाची वही कधी उघडली नाही, हे कारण छाननीच्या टेबलावर टिकत नाही. आज अर्ज भरलात तर तो बाद करण्यासाठी विरोधकाला फर्मच्या नोंदणीचा उतारा आणि कार्यादेशाची (वर्क ऑर्डरची) प्रत एवढेच पुरेल. दुसरी गोष्ट तर माहिती अधिकारात मिळते.

दिरांच्या नावावर करण्याची कल्पना सोडून द्या. एक तर महापालिकेच्या लेखी संमतीशिवाय कंत्राट असे दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. दुसरे म्हणजे कलमातला ‘अप्रत्यक्ष’ हा शब्द अशाच दिरा-मेव्हण्यांसाठी आहे. कामगार तेच, गाडी तीच, बिलाचे पैसे फिरून त्याच खात्यात, हे दाखवणे उलटतपासणीत अवघड नसते.

मग करायचे काय? तुम्ही फर्ममधून निवृत्त व्हा, पण ती निवृत्ती कागदोपत्री पूर्ण असली पाहिजे. निवृत्तीचे करारपत्र झाले म्हणजे काम संपले असे लोक समजतात. फर्म नोंदणीकृत असेल तर भागीदारी संस्थांच्या निबंधकाकडे बदलाची नोंद, शासकीय राजपत्रात सूचना आणि जिल्ह्यात खपणाऱ्या किमान एका स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात जाहीर सूचना, एवढे झाल्यावरच जगासाठी तुम्ही बाहेर पडता. तोवर फर्मच्या देण्याघेण्याला तुम्ही बांधलेल्याच असता. बँकेलाही कळवा. कर्जाला तुमची वैयक्तिक हमी असेल तर ती काढून घ्या. नाहीतर ‘कंत्राटाच्या बिलातून जे कर्ज फिटते त्याची हमीदार ही उमेदवार’ असा युक्तिवाद कुणीतरी करणारच. मी विरुद्ध बाजूला असतो तर मीही केला असता.

एक बारीक पण घातक बाब. फर्ममध्ये तुम्ही दोघेच भागीदार असाल तर तुम्ही बाहेर पडताच एकटा माणूस उरतो, आणि एकट्याची भागीदारी नसते. फर्म विसर्जित होते. कंत्राट तर फर्मच्या नावावर होते! तेव्हा आधी यजमानांच्या एकल मालकीच्या व्यवसायाने ते काम पुढे चालवण्यास महापालिकेची लेखी मंजुरी घ्या, किंवा कंत्राट परस्परसंमतीने संपवा. रागाच्या भरात काम सोडून देऊ नका. निविदेच्या अटी वाचा. सुरक्षा अनामत जप्त होणे आणि फर्म काळ्या यादीत जाणे, दोन्ही त्यातच लिहिलेले असते.

तुम्ही बाहेर, कंत्राट फक्त यजमानांचे, एवढ्याने भागेल का? गोव्यातल्या एका पंचायत सदस्य महिलेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये पतीच्या कंत्राटामुळे पत्नीला अपात्र ठरवले. पण तिथे पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी संहितेनुसार पती-पत्नीची संपत्ती सामाईक असते, त्या आधारावर. महाराष्ट्रात लग्नाने नवऱ्याच्या धंद्यात आपोआप वाटा मिळत नाही, म्हणून केवळ पत्नी असणे म्हणजे हितसंबंध असे म्हणता येणार नाही. मात्र संयुक्त बँक खाते, तुमच्या नावावरच्या गाळ्यात फर्मचे कार्यालय, तुमच्या सहीचे धनादेश, असे एकेक धागे जुळत गेले की चित्र बदलते. आणि काम संपले तरी बिल अडकलेले असेल किंवा देखभालीची मुदत चालू असेल, तर हितसंबंध संपला असे गृहीत धरू नका.

माझे स्पष्ट मत विचारलेत तर यजमानांनी हे कंत्राट मुदत संपताच सोडावे आणि तुम्ही पदावर आहात तोवर या महापालिकेची निविदा भरू नये. घरात भांडण होईल, मला कल्पना आहे. पण दिवाबत्तीच्या मुद्द्यावर मते मागणारी बाई आणि दिवाबत्तीची बिले काढणारा नवरा, हे कायद्यातून सुटले तरी चौकातल्या सभेतून सुटणार नाही.

हे सगळे अर्ज भरायच्या आधी का? कारण छाननीच्या दिवशी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने अर्ज बाद केला तर, चुकीने केला तरी, मध्येच न्यायालयात जाऊन निवडणूक थांबवता येत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३ यछ, म्हणजे दोनशे त्रेचाळीस झेड-जी म्हणून वकील ज्याचा उल्लेख करतात, त्याने तो रस्ता बंद केला आहे. नामनिर्देशन फेटाळल्याची तक्रार निकालानंतर निवडणूक याचिकेतच करायची, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५२ सालीच पोन्नुस्वामी प्रकरणात सांगून ठेवले. महापालिकेच्या बाबतीत कलम १६ खाली त्यासाठी निकालापासून फक्त दहा दिवस मिळतात. आणि समजा अर्ज मंजूर झाला, तुम्ही निवडूनही आलात, तर हरलेल्याला तेच दहा दिवस तुमच्याविरुद्ध मिळतात.

आता गुन्हा. तुम्ही पाठवलेल्या दोषारोपपत्राच्या पहिल्या पानावर भारतीय न्याय संहितेची कलमे १२६(२) आणि २२३ आहेत, आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे ३७(३) सह १३५. म्हणजे रस्ता अडवला आणि जमावबंदीचा आदेश मोडला. आंदोलन करणाऱ्यांच्या कपाळी हे ठरलेलेच असते. गुन्हा दाखल होणे, दोषारोपपत्र जाणे यामुळे कुणी अपात्र होत नाही. अपात्रता शिक्षेतून येते, आणि तीही नैतिक अधःपतनाचा (फसवणुकीसारखा, नीतिमत्तेला काळिमा लावणारा) गुन्हा असेल किंवा दोन वर्षांची वा त्याहून जास्त कैद झाली असेल तेव्हा. तुमच्यावरच्या कलमांत त्यातले काही दिसत नाही. उलट कलम २२३ खाली न्यायालयाला दखल घ्यायची तर आदेश काढणाऱ्या, त्याच्या वरिष्ठ किंवा त्याने प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्याची लेखी तक्रार लागते, नुसते पोलिसांचे दोषारोपपत्र चालत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे, म्हणजे फौजदारी खटला कसा चालवायचा ते सांगणाऱ्या कायद्याचे, कलम २१५ पाहा. तुमच्या वकिलांनी हा मुद्दा घेतला आहे का, ते विचारा.

तुम्हाला कुणीतरी ‘गुन्हा कबूल करून दंड भरून मोकळ्या व्हा’ असे सांगेल. कोर्टाच्या पायरीवर असे सांगणारे फार. कबुली म्हणजे दोषसिद्धी, मग दंड कितीही किरकोळ असो. त्याने तुम्ही अपात्र होणार नाही, पण शपथपत्रात ‘प्रलंबित’ या रकान्यातून नोंद ‘शिक्षा झालेली’ या रकान्यात जाते आणि प्रचाराच्या पत्रकावर तेवढीच ओळ छापली जाते.

शपथपत्रात मात्र हा खटला लिहायचाच, क्रमांक, न्यायालय आणि कलमांसह. गंभीर गुन्हे लपवणे म्हणजे मतदारावर गैरवाजवी प्रभाव टाकणे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये तमिळनाडूतल्या एका स्थानिक निवडणुकीच्या प्रकरणात म्हटले आहे. तुमचा गुन्हा गंभीर नाही, मग लपवायचा कशाला? तुमच्या प्रचाराचा तो सर्वांत प्रामाणिक कागद आहे. एकही रकाना कोरा सोडू नका. जिथे काही नाही तिथे ‘निरंक’ लिहा. मालमत्तेत यजमानांचे फर्ममधले भांडवलही येईल.

गल्लीत स्वखर्चाने दिवे? नको. खांब महापालिकेचे, त्यावर परवानगीशिवाय तार टाकणे हीच पहिली चूक. शिवाय मत मिळावे म्हणून मतदाराला लाभ देणे ही न्याय संहितेच्या कलम १७० प्रमाणे लाच आहे, आणि ‘निवडणूक’ या शब्दात तिथे महापालिकाही येते. त्याच कलमात पुढे एक मोलाचे परंतुक, म्हणजे अपवाद सांगणारे वाक्य, आहे : सार्वजनिक धोरणाची घोषणा किंवा सार्वजनिक कृतीचे आश्वासन हा गुन्हा नाही. म्हणजे ‘निवडून आले तर या पट्ट्यात महापालिकेकडून दिवे लावून घेईन’ हे म्हणता येते. ‘मत द्या, उद्या माणूस पाठवते’ हे नाही.

आश्वासनांची यादीही एकदा तपासा. रस्त्यांवरची दिवाबत्ती कलम ६३ प्रमाणे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. पाणी आणि सफाईही. तिथे तुम्ही आयुक्तांना जाब विचारू शकता, अंदाजपत्रकात तरतूद मागू शकता. पोलीस हा मात्र राज्याचा विषय. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे द्यायच्या १८ विषयांत पथदिवे आहेत, अग्निशमन आहे, पोलीस नाहीत. चौकी मंजूर करणे नगरसेवकाच्या हातात नाही. ‘चौकीसाठी महापालिकेची जागा मिळवून देईन आणि गृहखात्याकडे पाठपुरावा करीन’ असे छापा.

किरकोळ दोन गोष्टी. घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी नसल्याचा दाखला घेऊन ठेवा. आणि गच्चीवर पत्र्याची शेड टाकली असेल तर आत्ताच सांगा. नगरसेवकाने, पती वा पत्नीने किंवा अवलंबिताने केलेले अनधिकृत बांधकाम हेही कलम १० मध्ये अपात्रतेचे कारण आहे.

भेटायला येताना मूळ भागीदारी करार, निविदेच्या अटी, शेवटचे मंजूर बिल आणि कर्जाचे मंजुरीपत्र आणा. निवृत्तीचे करारपत्र स्वतः तयार करून आणणार असाल तर एवढेच करा, ते मागच्या तारखेचे नको. स्टॅम्पपेपरवर विक्रीची तारीख आणि अनुक्रमांक असतो, आणि विरोधकाचा वकील सर्वांत आधी तोच पाहतो.