अणुबॉम्बचा उगम आइन्स्टाइनच्या सूत्रात आहे, असे म्हणणे योग्य ठरेल का?

माझ्या मते अंशतःच. १९०५ च्या त्या सूत्रावरून (E = mc²) वस्तुमान आणि ऊर्जा यांचा संबंध कळला, पण ती ऊर्जा बाहेर काढायची कशी, हे त्यात सांगितलेले नव्हते. ती वाट १९३२ मध्ये ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ चॅडविक यांनी शोधलेल्या न्यूट्रॉनमुळे खुली झाली, कारण विद्युतभार नसलेला हा कण अणुकेंद्रात सहज शिरू शकतो.

खरे वळण १९३८ च्या डिसेंबरात आले. युरेनियमवर न्यूट्रॉनचा मारा केल्यावर त्यातून बेरियम हे कितीतरी हलके मूलद्रव्य मिळते, असे बर्लिनमध्ये हान आणि श्ट्रासमान या रसायनशास्त्रज्ञांना आढळले, आणि त्याचा अर्थ लागेना म्हणून हान यांनी आपल्या जुन्या सहकारी, भौतिकशास्त्रज्ञ लिझे माइटनर यांना पत्र लिहिले. ज्यू असल्यामुळे जर्मनीतून निसटून स्वीडनला गेलेल्या माइटनर आणि त्यांचे भाचे ओटो फ्रिश यांनी नाताळच्या सुट्टीत, बर्फातून फिरताना एका ओंडक्यावर बसून, कागदाच्या चिटोऱ्यांवर हिशेब मांडला: युरेनियमचे अणुकेंद्र पाण्याच्या थेंबासारखे लांबट होऊन दुभंगते, प्रोटॉनच्या सुमारे एक पंचमांश इतके वस्तुमान नाहीसे होते आणि सुमारे २० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मोकळी होते. आइन्स्टाइनचे सूत्र कामी आले ते इथे.

अणुकेंद्राच्या या दुभंगण्यातून, म्हणजे विखंडनातून, नवे न्यूट्रॉनही बाहेर पडतात, हे १९३९ मध्ये पॅरिस आणि न्यूयॉर्क येथे सिद्ध झाले, आणि भौतिकशास्त्रज्ञ झिलार्ड यांनी १९३३ पासून मनात बाळगलेली साखळी-अभिक्रियेची (एका विखंडनातले न्यूट्रॉन पुढची विखंडने घडवत जातात, या क्रमाची) कल्पना प्रत्यक्षात येण्याजोगी ठरली. पुढे १९४२ मध्ये शिकागोत भौतिकशास्त्रज्ञ फर्मी यांची अणुभट्टी चालली, तर १६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोत अणुबॉम्बचा पहिला चाचणी-स्फोट झाला. माइटनर यांनी मात्र बॉम्बच्या कामात सहभागी होण्यास स्पष्ट नकार दिला होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.