स्पर्शशिल्पाचे वर्णन करताना: नव्या सहकाऱ्यास

हातांनी चाचपून अनुभवायच्या शिल्पांचे अंध व्यक्तींना वर्णन करून सांगण्याचे काम आपण मनापासून हाती घेतले आहे, याचा आनंद वाटतो. सुरुवातीला शब्दसंपत्तीपेक्षा क्रम महत्त्वाचा असतो. डोळ्यांना संपूर्ण शिल्प एकदम दिसते, हातांना मात्र ते तुकड्यातुकड्यांनी कळते आणि ते तुकडे मनात जुळवावे लागतात. म्हणून आधी आकारमान, मुद्रा आणि शिल्पाचे तोंड कोणत्या दिशेला आहे एवढे सांगावे आणि मगच बारकाव्यांकडे वळावे.

नवख्यांच्या हातून प्रामुख्याने पुढील चुका होतात:

- ‘सुंदर’, ‘भव्य’ असे निवाडे देणे. त्याऐवजी ‘गुडघ्याजवळ दगड खरखरीत ठेवला आहे, खांद्यावर तो गुळगुळीत होतो’ असे सांगावे.
- ‘इथे’, ‘तिकडे’ म्हणणे. ‘आपल्या डाव्या हाताच्या वर, वीतभर अंतरावर’ हे उपयोगी पडते.
- हात फिरत असताना अखंड बोलणे. ही चूक मला सर्वांत गंभीर वाटते, कारण स्पर्शाला शांतता लागते.
- रंग वगळणे. अनेकांची दृष्टी जन्मानंतर केव्हातरी गेलेली असते. जन्मांधांनाही रंगांचे अर्थ ठाऊक असतात.

जे हाताला आपोआप कळते, उदाहरणार्थ कांस्याचा गारवा, ते पुन्हा सांगण्याची गरज नाही. तो धातू बोटांतील उष्णता झपाट्याने शोषतो म्हणून गार लागतो, हे मात्र विचारल्यास जरूर सांगावे. ‘पाहा’ हा शब्द टाळण्याची धडपडही करू नये. अंध व्यक्ती स्वतः तो सहज वापरतात.

उपमा, शैली आणि कलेचा इतिहास यांचा विचार आपण पुढे करू. तूर्तास एकच शिल्प निवडून, डोळे मिटून, ते दोन्ही हातांनी सावकाश चाचपून पाहावे.