उल्हास नदीच्या पाण्याचं तापमान आणि तिथलं हवामान घरच्या साधनांनी कसं नोंदवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहायला मुलुंडला, दर रविवारी बदलापूर-वांगणीकडे उल्हास नदीवर जाणं होतं, आणि वर्षभर पाण्याचं तापमान व तिथलं हवामान वहीत लिहून ठेवायचं आहे. ॲपवर ‘मुंबई ३३ अंश’ दिसतं, त्यावरून पाण्याचा अंदाज बांधता येईल का? आणि मोजायचंच झालं तर कशाने आणि कसं?

ॲपवरून अंदाज बांधू नका. मुंबईचे अधिकृत आकडे सांताक्रूझ आणि कुलाबा इथल्या वेधशाळांचे. एप्रिलात दुपारी खारे वारे सुटले की सांताक्रूझचा पारा ३३-३४ला अडकतो, आणि त्याच वेळी बदलापूर-कर्जत पट्टा चाळिशीला टेकलेला असतो. म्हणजे हवेचाच आकडा तुमच्या जागेचा नाही, मग पाण्याचा कुठून असणार?

शिवाय पाणी हवेच्या मागून चालतं. एक किलो पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता लागते; तेवढ्याच वजनाच्या हवेला याच्या चौथा हिस्सा पुरते. त्यात बाष्पीभवन. एक लिटर पाणी वाफ होऊन गेलं, तर जाताना ते इतकी उष्णता घेऊन जातं की मागचं जवळजवळ ५८० लिटर पाणी एका अंशाने गार होतं. म्हणून एप्रिलच्या कोरड्या चाळीस अंशांतही वाहत्या पाण्याचं तापमान तिशीच्या आसपासच राहतं. जानेवारीत उलटं. पहाटे कर्जतकडे हवा १३-१४ अंशांवर उतरते, पाणी मात्र विशीच्या वर असतं, आणि सूर्य वर यायच्या आधी पात्रावरून वाफा निघताना दिसतात. ते धुकं नदीचंच: कोमट पाण्याची वाफ गार हवेत शिरली की लगेच गार होऊन तिचे बारीक थेंब होतात. त्या दिवशी वहीत ‘वाफ दिसली’ एवढंच लिहिलंत तरी पाणी हवेपेक्षा बरंच उबदार होतं हे कळतं. जुलैत मात्र हवा, पाऊस आणि पाणी तिन्ही एकमेकांच्या जवळ, साधारण २५ ते २८च्या दरम्यान असतात आणि दिवसरात्रीचा फरक जेमतेम उरतो.

आता साधन. पाऱ्याचा काचेचा थर्मामीटर नदीवर नेऊ नका. फुटला तर पारा पाण्यात. स्टीलच्या टोकाचा, वायरवाला डिजिटल प्रोब घ्या, ०.१ अंश दाखवणारा. पण दशांश दिसतो म्हणून तो खरा असतो असं नाही. स्वस्त प्रोबमध्ये अर्ध्या अंशाची चूक सहज असते, तेव्हा आधी घरी तपासा. बर्फ बारीक कुटून पेला गच्च भरा, फटी भरतील इतकंच थंड पाणी ओता, दोन-तीन मिनिटं ढवळा आणि प्रोब मधोमध धरा, पेल्याला टेकू देऊ नका. शून्य दिसायला हवं. ०.४ दिसलं तर तो फरक वहीच्या पहिल्या पानावर लिहा. बर्फ तरंगतोय आणि खाली नुसतं पाणी आहे, अशी स्थिती असेल तर ती तपासणी धरू नका, कारण तळाचं पाणी शून्यावर नसतं. दुसरी तपासणी कोमट पाण्यात: तापाचा डिजिटल थर्मामीटर साधारण ३२ ते ४२ अंशांत ०.१पर्यंत विश्वासाचा असतो. ३७च्या आसपासच्या पाण्यात दोन्ही टोकं शेजारी धरून ढवळत राहा आणि जुळवा. नदीचं पाणी या दोन टोकांच्या मधे असतं, त्यामुळे एवढी तपासणी पुरे. दर तीन महिन्यांनी पुन्हा करा.

लांबून नेम धरायची इन्फ्रारेड बंदूक या कामाला घेऊ नका. ती पाण्याची फक्त वरची पातळ त्वचा बघते, आणि तिरपी धरली तर पाण्यात पडलेलं आकाशाचं प्रतिबिंब मोजते.

मोजायची जागा ही सगळ्यात मोठी गोष्ट, आणि चूकही बहुतेकांची इथेच होते. काठालगतचं वितभर, ऊन खाल्लेलं पाणी हातात येतं म्हणून त्यातच प्रोब बुडवला जातो. दुपारी तिथे धारेपेक्षा दोन-चार अंश जास्त निघतील. डोहातही नको, तिथे वरचा थर तापलेला आणि खालचा गार असतो. पाणी खळखळून एकजीव होतं अशा उथळ धावेच्या जरा खाली, वाहत्या धारेत, गुडघाभर खोलीवर मोजा. तोंड वरच्या अंगाला करून उभे राहा, म्हणजे तुमच्या पायांनी ढवळलेला गाळ प्रोबपर्यंत येत नाही. प्रोबवर स्वतःची सावली पाडा. दोन मिनिटं थांबा, आकडा स्थिरावला की प्रोब पाण्यात असतानाच वाचा. बाहेर काढून बघायची सवय लागली की रोजचा आकडा कमी निघतो, कारण ओल्या टोकावरचं पाणी उडायला लागलं की ते क्षणात गार होतं.

पुलावरून मोजायचं असेल तर दोरी बांधलेली प्लास्टिकची बादली. धातूची नको, उन्हात तापते. बादली आधी दोनदा नदीच्याच पाण्याने विसळा, तिसऱ्यांदा भरून वर घ्या आणि मिनिटभरात वाचा.

वेळ ठरलेली हवी. पाणी सूर्योदयाच्या सुमारास सगळ्यात गार आणि दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान सगळ्यात गरम असतं. या रविवारी सकाळी सात आणि पुढच्या रविवारी दुपारी दोन असं मोजलंत, तर वहीत ऋतू दिसणार नाही, घड्याळ दिसेल. एकच वेळ जमणार असेल तर सकाळची धरा.

उल्हासची एक खासियत लक्षात ठेवा. भिवपुरीच्या जलविद्युत केंद्रातून बाहेर पडणारं पाणी या नदीत येतं. ते घाटमाथ्यावरच्या ठोकरवाडी धरणाचं पाणी. केंद्र १९२२ सालचं, मुंबईला वीज पुरवण्यासाठी बांधलेलं. विजेची मागणी वाढली की पाणी सुटतं, त्याचा आकाशाशी काही संबंध नाही. उन्हाळ्यात मोठ्या जलाशयांत थर पडतात आणि खोलवरचं पाणी पृष्ठभागापेक्षा गार राहतं. म्हणून कर्जत-नेरळकडे मोजताना मे महिन्यात पाणी अचानक चढलेलं आणि गार लागलं, तर आधी विसर्गाची शंका घ्या. खाली बदलापूरला येईतो तो फरक बराच विरलेला असतो. प्रत्येक नोंदीशेजारी पाण्याची पातळी लिहायची ती याचसाठी. एखाद्या ठरावीक खडकावर किंवा पुलाच्या खांबावर रंगाची खूण करा आणि पाणी तिच्यापासून किती बोटं वर किंवा खाली ते लिहा.

कल्याणकडे खाली मोजणार असाल तर हिशोब वेगळा. तिथे खाडीची भरती पोचते. ओहोटीला उघडा पडलेला चिखल उन्हात तापतो आणि परतणारी भरती त्याच्यावरून येताना तापून येते. तिथे भरती-ओहोटीची वेळ लिहिली नाही तर तापमानाचा आकडा वाचताच येत नाही. जलपर्णीचंही तसंच. कल्याणजवळच्या मोहन्याच्या बाजूला ती माजते तेव्हा पाण्यावर सावली पडते, वारा लागत नाही, आणि जलपर्णीखालचं पाणी मोकळ्या पाण्यापेक्षा वेगळं निघतं. कुठे मोजलं ते लिहा.

हवेचं तापमान मोजायला थर्मामीटर सावलीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, भिंत आणि गाडीपासून लांब, वारा लागेल असा धरा. आधी हवा मोजा, मग पाणी. उलट केलंत तर ओला प्रोब हवेचं तापमान खोटं कमी दाखवतो. दमटपणा हवा असेल तर दुसऱ्या थर्मामीटरच्या टोकाला मलमलची ओली चिंधी गुंडाळून तो वाऱ्यात हलवत राहा, आकडा उतरायचा थांबला की वाचा. कोरड्या आणि ओल्या आकड्यात मे महिन्यात मोठं अंतर दिसेल, जुलैत एखादा अंश. हे अंतर जितकं कमी, तितकं बाष्पीभवन कमी आणि नदीला गार व्हायला वाव कमी. ढग आठ भागांत मोजतात: आकाशाचे किती अष्टमांश झाकलेत ते लिहा. वाऱ्यासाठी यंत्र नसलं तरी चालतं. पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत असतील तर ताशी १२ ते १९ किलोमीटर, धूळ आणि कागद उडायला लागले तर २० ते २८.

पावसासाठी सरळ बाजूंचं भांडं चालतं, निमुळतं नाही. बाटलीवर नरसाळं लावणार असाल तर हिशोब असा: तोंडाचा व्यास १० सेंटीमीटर असेल तर क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटीमीटर, म्हणून १ मिलिमीटर पाऊस म्हणजे ७.८५ मिलिलिटर पाणी. औषधाच्या मापाने मोजता येतं. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ असतो, तुम्हीही तोच धरा, नाहीतर त्यांच्या आकड्यांशी मेळ बसत नाही. २६ जुलै २००५चा सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटर पाऊस २७ जुलैच्या सकाळी साडेआठला संपलेल्या २४ तासांचा आहे. त्याच २४ तासांत कुलाब्याला ७५ मिलिमीटरसुद्धा झाला नव्हता. एका शहरात, वीस-बावीस किलोमीटरच्या आत एवढा फरक पडतो.

माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं याच मुद्द्यावर आहे. तुमच्या डोक्यावरचा पाऊस आणि नदीचा पाऊस एक नसतो. बदलापूरला ऊन असताना राजमाची-खंडाळ्याच्या डोंगरांत आणि माथेरानच्या पूर्व उतारावर ढग रिते होत असतील, तर ते पाणी काही तासांनी तुमच्या पायाशी येणार. म्हणून जूननंतर निघण्याआधी बदलापूरचा अंदाज बघून थांबू नका. कर्जत आणि माथेरानचा मागच्या २४ तासांचा पाऊस बघा, मुंबईच्या रडारचं चित्र बघा, आणि ठाण्याबरोबर रायगड जिल्ह्याचा तीन तासांचा तातडीचा इशारा बघा, कारण कर्जत रायगडात आहे. खात्याच्या भाषेत ६४.५ मिलिमीटरपासून ‘मुसळधार’, ११५.६पासून ‘अति मुसळधार’ आणि २०४.५पासून पुढे ‘अत्यंत मुसळधार’. घाटात ६४.५च्या वर पाऊस असेल तर पात्रात उतरू नका. पुलावरून बादलीने मोजा किंवा त्या रविवारी रकाना कोरा सोडा. २७ जुलै २०१९ला बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती, ते पाणी याच नदीचं.

काठावर असताना पाण्याचा रंग बघत राहा. निवळ पाण्यात अचानक पाचोळा, काटक्या, फेस वाहून यायला लागला किंवा मातकट पट्टा दिसला, तर साधनं गोळा करत बसू नका, आधी वर या. पायाला जखम किंवा खरचटलेलं असेल तर पावसाळ्यात पाण्यात पाय घालू नका, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या संसर्गजन्य तापाची) भीती असते. घातलाच गेला तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना सांगून प्रतिबंधक गोळीबद्दल विचारा.

तापमानाच्या नोंदीचा खरा उपयोग माशांसाठी आहे. पाणी गरम झालं की त्यात प्राणवायू कमी मावतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम, २५ला ८.३, ३०ला ७.६. म्हणजे मे महिन्यात नदीकडे आधीच शिल्लक कमी असते. त्यात पहिल्या पावसात गटारांची आणि नाल्यांची साचलेली घाण एकदम पात्रात येते, ती कुजताना उरलासुरला प्राणवायू खाते, आणि पहाटे मासे तोंड वर काढून हापापताना दिसतात. चढणीचे मासे, म्हणजे पहिल्या पावसात अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढणारे मासे, निघायचा काळही हाच. त्या आठवड्यात रोजची सकाळची नोंद कुणाकडून तरी करून घेता आली तर जरूर घ्या.

आठवड्यातून एकदाची नोंद अपुरी वाटायला लागली तर लॉगर ठेवा, दर १५ मिनिटांनी स्वतः नोंद घेणारा. भोकं पाडलेल्या पांढऱ्या पीव्हीसी नळीत तो घाला, म्हणजे ऊन थेट लागत नाही, आणि स्टीलच्या तारेने काँक्रीटच्या ठोकळ्याला बांधून धारेत, तळापासून वितभर वर राहील असा ठेवा. घरी जुळवणार असाल तर डीएस१८बी२० हा जलरोधक सेन्सर पुरतो. डेटा आणि पॉझिटिव्ह वायरच्या मधे ४.७ किलोओहमचा रेझिस्टर विसरू नका. मधेच ८५ अंश दिसले तर नदी उकळलेली नाही. सेन्सर चालू झाला पण मोजमाप झालंच नाही, तेव्हाचा तो मूळ आकडा आहे. उणे १२७ आला तर जोड सुटलाय. जोडावर नुसती चिकटपट्टी टिकत नाही, आत गोंद असलेली आकसणारी नळी चढवा.

आलेख काढलात की बिघाड त्यातच दिसतो. दिवसरात्रीचा चढउतार एकदम वाढून हवेइतका झाला, तर पाणी उतरून लॉगर उघडा पडला आहे. रेघ सपाट झाली आणि दुपारचा उंचवटाच नाहीसा झाला, तर तो गाळाखाली गाडला गेला आहे. असे दिवस खोडू नका, शेजारी कारण लिहा आणि सरासरीतून वगळा. पाणी आणि हवा यांची तुलना तासातासाची करू नका. आठवड्याच्या सरासऱ्या शेजारी मांडल्या की नातं स्पष्ट दिसतं.

मे संपायच्या आत लॉगर काढून घ्या. पहिल्या मोठ्या पाण्यात ठोकळ्यासकट जातो. ऑक्टोबरात पाणी निवळलं की त्याच जागी, आधी पुन्हा बर्फाची तपासणी करून, परत लावा.