वाचकांचे प्रश्न : चीनमधली संध्याकाळ, बार आणि बिल

कामानिमित्त चीनला जाणाऱ्या वाचकांचे प्रश्न अलीकडे वाढले आहेत. दिवसभराच्या मीटिंगा उरकल्यावर काय करायचं, असा बहुतेकांचा सूर आहे. त्यातले काही निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. किमती युआनमध्ये दिल्या आहेत. एक युआन म्हणजे ढोबळमानाने बारा-तेरा रुपये धरा.

प्र. कंपनीच्या कामासाठी दोन आठवडे सूझौला आहे. एक शनिवार शांघायमध्ये काढायचा आहे. एकच रात्र असेल तर कुठे जावं? (एक वाचक, चाकण)

बंडवर, म्हणजे नदीकाठच्या जुन्या दगडी इमारतींच्या रांगेत जा, पण वेळेत पोचा. दोन्ही काठांवरची रोषणाई साधारण रात्री दहाच्या सुमाराला मालवते. साडेदहाला गच्चीवरच्या बारमध्ये पोचलात तर शंभर-दीडशे युआनचं कॉकटेल हातात घेऊन काळोखच बघावा लागेल. साडेसात-आठची वेळ उत्तम.

पहिला थांबा पीस हॉटेल. १९२९ साली व्हिक्टर ससून यांनी ते कॅथे हॉटेल म्हणून उघडलं. मुंबईचा ससून डॉक आणि पुण्याचं ससून रुग्णालय ज्यांच्या नावाने आहेत त्याच घराण्यातले हे. डेव्हिड ससून यांचे पणतू. मुंबईच्या गिरण्यांतला पैसा त्यांनी विसाच्या दशकात शांघायच्या जमिनींत आणि इमारतींत वळवला. त्यामुळे हिरव्या त्रिकोणी छपराच्या या इमारतीखाली बसताना मराठी माणसाला थोडा हक्क वाटला तर चूक नाही. इथल्या जॅझ बारमध्ये १९८० पासून ज्येष्ठ वादकांचा बँड वाजवत आला आहे. वाजवणं घोटीव असतंच असं नाही, ट्रम्पेट कधी कधी घसरतो, पण असा ताफा दुसरीकडे बघायला मिळणार नाही. टेबल आधी राखून ठेवा आणि राखतानाच माणशी किमान खर्च किती ते विचारा.

दुसरा थांबा बंडवरच, दोन नंबरच्या इमारतीत : वॉल्डॉर्फ अस्टोरियाचा लाँग बार. हा पूर्वीचा ब्रिटिशांचा शांघाय क्लब. इथला बारचा कट्टा जवळजवळ ३४ मीटर लांब होता आणि कोणी कुठे उभं राहायचं ते हुद्द्यावर ठरायचं. खिडकीकडचं टोक बड्या शेठांचं. पुढे या इमारतीची रया गेली. १९८९ मध्ये शांघायचं पहिलं केएफसी इथेच निघालं. आताचा कट्टा जुन्या फोटोंवरून पुन्हा बनवलेला आहे. हॉटेलांतल्या बारमध्ये छापील किमतीवर १० टक्के सेवाशुल्क आणि बऱ्याचदा वर ६ टक्के कर लागतो, हे धरूनच मागवा. टीप द्यायची पद्धत नाही.

दहानंतर फूशिंग मध्य रस्त्यावरचं 'स्पीक लो' गाठा. जपानी बारटेंडर शिंगो गोकान यांनी ते २०१४ मध्ये सुरू केलं. रस्त्यावरून दिसतं ते बारच्या सामानाचं छोटं दुकान : शेकर, चमचे, मापं. आतलं पुस्तकांचं कपाट सरकवलं की जिना. जसजसे मजले चढाल तसतशी गर्दी कमी आणि दर जास्त. दुसऱ्या मजल्यावर थांबलात तरी काही बिघडत नाही. वय पंचविशीच्या आसपास असेल आणि कानठळ्या चालत असतील तर ज्यूलू रस्त्यावर १५८ नंबरचा खोलगट चौक आहे, भोवती बारच बार. चाळिशीच्या माणसाने तिथे जाऊन हाल करून घेऊ नयेत.

जुन्या प्रवासपुस्तकांत योंगकांग रस्त्याची शिफारस सापडेल. रहिवाशांच्या तक्रारींवरून तिथले बार २०१६ मध्येच बंद झाले. आता कॉफी मिळते. चीनमध्ये बार उघडतात आणि मिटतात इतक्या झपाट्याने की कुठलंही नाव, आमच्या उत्तरातलंसुद्धा, निघण्यापूर्वी द्यानपिंग या हॉटेल-बारच्या अभिप्रायांच्या अॅपवर तपासा. तारे मोजू नका, शेवटचा फोटो कुठल्या तारखेचा आहे ते बघा. महिन्याभरात कोणीच फोटो टाकला नसेल तर दार बंद असण्याची शक्यता धरून चाला.

प्र. नानजिंग रस्त्यावर दोन मुलींनी इंग्रजी बोलायची सवय करायची म्हणून कॉफीला चला म्हटलं. माझा सहकारी गेला नाही. तो उगाच घाबरला का? (एक वाचक, ठाणे)

त्याने अगदी बरोबर केलं. हा तिथला फार जुना सापळा आहे. 'आम्ही विद्यार्थिनी', 'इंग्रजी सुधारायचं आहे', 'जवळच एक छान जागा आहे' अशी ठरलेली सुरुवात असते. नेतात ते एखाद्या चहाघरात किंवा वरच्या मजल्यावरच्या आडबाजूच्या बारमध्ये. मेनूवर किंमत नसते किंवा मेनू येतच नाही. वाईन, फळांचं ताट, आणखी काही येत राहतं आणि बिल हजारो युआनचं निघतं. पुरुषांना बारमध्ये आणून खर्चात पाडणारी माणसं कमिशनवर ठेवलेली असतात.

ओळख खरी आहे का ते बघायची सोपी रीत आहे : जागा तुम्ही सुचवा. समोरच्या माणसाला गप्पाच मारायच्या असतील तर तो मॉलमधल्या कॉफी शॉपलाही येईल.

अडकलातच तर कार्ड हातातून सोडू नका आणि मोबाईलवर पिन टाकू नका. बिलाचा, मेनूचा आणि दारावरच्या पाटीचा फोटो घ्या, अधिकृत पावती म्हणजे 'फापियाओ' मागा आणि ११० ला फोन लावतो म्हणून सांगा. हा पोलिसांचा नंबर. पुष्कळदा एवढ्यावर आकडा खाली येतो. अंगावर येण्याची लक्षणं दिसली तर पैसे देऊन बाहेर पडा आणि थेट चौकी गाठा. वादात जिंकायला तिथे थांबू नका.

प्र. पैसे कसे द्यायचे? रोख चालते का?

रोख नाकारता येत नाही, पण सुट्टे कोणाकडेच नसतात. निघण्यापूर्वी भारतातच मोबाईलवर अलीपे आणि वीचॅट ही दोन्ही पैसे देण्याची अॅप टाका, पासपोर्टने ओळख पूर्ण करा आणि व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा. बँकेच्या अॅपमध्ये त्या कार्डाचे परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार सुरू करायला विसरू नका. पुष्कळांचं पेमेंट याच जागी अडतं आणि दोष अलीपेला जातो. २०० युआनपर्यंतच्या व्यवहारावर अॅप शुल्क घेत नाही, त्याहून मोठ्या व्यवहारावर ३ टक्के. चौघांचं बिल असेल तर प्रत्येकाने आपापलं दिलेलं परवडतं.

भारतीय सिमचं रोमिंग घेतलंत तर व्हॉट्सअॅप चालतं, कारण डेटा भारतातून फिरून येतो. चीनमध्ये ते अडवलेलं असल्याने हॉटेलच्या वायफायवर चालत नाही.

प्र. बीजिंगमध्ये बारसाठी सान्लितुन की हौहाय? (एक वाचक, नागपूर)

हौहाय तळ्याभोवती फेरी मारा, बसू नका. प्रत्येक दारात हाका मारणारा पोऱ्या, आत गिटारवर तीच तीच गाणी, आणि दुकानात सहा-आठ युआनला मिळणारी बीअर इथे कित्येक पटींनी. सान्लितुनची 'डर्टी बार स्ट्रीट' म्हणून ओळखली जाणारी गल्ली २०१७ च्या साफसफाईत गेली; आता तिथे मॉल आहेत आणि बरे बार वरच्या मजल्यांवर.

बीजिंगची खरी गंमत स्थानिक बीअर गाळणाऱ्यांकडे आहे. ग्रेट लीप २०१० मध्ये एका हुतोंगातल्या, म्हणजे जुन्या गल्लीतल्या, वाड्यात सुरू झालं. जिंग-ए २०१२ मध्ये. ग्रेट लीपची मध आणि सिचुआन मिरी घातलेली बीअर जरूर घ्या. ही सिचुआन मिरी म्हणजे आपल्या तिरफळाची सख्खी चुलत बहीण, एकाच कुळातली. बांगड्याच्या आमटीने जिभेला येते तीच झिणझिण इथे ग्लासात, फक्त सौम्य. पाइंटला ४० ते ६० युआन पडतात.

साध्या चिनी बाटलीबंद बीअरमध्ये मद्यांश बहुधा अडीच ते चार टक्के असतो. आपल्याकडच्या 'स्ट्राँग'ची सवय असलेल्यांना ती पाणी वाटते. क्राफ्ट बीअर, म्हणजे वरच्या ग्रेट लीपसारख्यांची, मात्र सहा-आठ टक्क्यांपर्यंत जाते. तिसऱ्या ग्लासाला अंदाज चुकतो तो इथेच. आणि बाटली मागवताना 'बिंग द', म्हणजे थंडगार, असं सांगा. न सांगितल्यास साध्या खानावळीत कपाटातली कोमट बाटली समोर येते, आणि त्यांच्या दृष्टीने त्यात काही वावगं नसतं.

प्र. मी शाकाहारी. चखण्याला काय मिळेल?

उकडलेले शेंगदाणे, मीठ लावलेल्या सोयाबीनच्या हिरव्या शेंगा, आणि लसूण-व्हिनेगर घालून ठेचलेली काकडी. या तीन गोष्टी जवळपास सगळीकडे मिळतात. शेंगदाणे चक्रीफूल घालून उकडतात, छान लागतात. रात्रीच्या शेगडीवर वांगं, बटाट्याच्या चकत्या, टोफू, मशरूम भाजून देतात, पण तेल लावायचा कुंचला मटणाच्या काड्यांना आणि तुमच्या वांग्याला एकच असतो. ते चालत नसेल तर शेगडीपासून लांबच राहा. 'मांस नको' एवढंच सांगितलं तर भाजीवर खिम्याची चिमूट पडलेली येऊ शकते. खिमा, मांसाचा रस्सा, चरबी, कोंबडीची पूड यातलं काहीही नको, असं चिनीत लिहून फोनवर ठेवा.

प्र. ग्राहक क्लबमध्ये घेऊन जातात तेव्हा फाशांचा खेळ सुरू होतो आणि दर वेळी मीच पितो. नियम काय? (एक वाचक, इचलकरंजी)

तुम्ही नियमाला नाही, गणिताला हरता. प्रत्येकाकडे एक पेला आणि पाच फासे. सगळे एकदम हलवतात, पालथे घालतात, आपापले चोरून बघतात. मग बोली : 'तीन चौके', म्हणजे टेबलावरच्या सगळ्या फाशांत मिळून निदान तीन चौके आहेत. पुढच्याने संख्या वाढवायची किंवा तेवढ्याच संख्येला मोठा आकडा बोलायचा. एक्का हा जोकर, कुठल्याही आकड्यात धरतात. मात्र कोणी एक्क्यांचीच बोली केली की त्या डावापुरता जोकर रद्द. बोली पटली नाही तर 'खाय!' म्हणायचं, म्हणजे उघडा. बोली खरी निघाली तर उघडणारा पितो, खोटी निघाली तर बोलणारा.

आता हिशेब. दोघेच खेळताय आणि तुमच्याकडे ४, ४, १, २, ६ आहेत. एक्का धरून तुमचे चौके तीन. समोरच्याचा प्रत्येक फासा चौका किंवा एक्का असण्याची शक्यता तीनात एक. म्हणजे 'चार चौके' बोललात तर शंभरात सत्त्याऐंशी वेळा खरे ठरता. 'पाच' बोललात तर चोपन्न वेळा. 'सहा' बोललात तर फक्त एकवीस वेळा. नवखा माणूस हमखास सहावर जातो, कारण पाचला कोणी उघडलं नाही म्हणून त्याला धीर येतो. पाचवर थांबा आणि समोरच्याने सहा म्हटलं की उघडा.

गोंगाटात आकडे हाताने दाखवतात. अंगठा आणि करंगळी बाहेर म्हणजे सहा. अंगठा आणि तर्जनी म्हणजे आठ. हे न कळल्यामुळेही बरेच ग्लास रिकामे होतात. क्लबात व्हिस्की गोड हिरव्या चहात मिसळून जगमधून ओततात. चव सरबतासारखी लागते म्हणून घोट मोठा होतो. ग्लास छोटाच मागा. फुकट म्हणून अनोळखी टेबलावरून आलेली दारू घेऊ नका, बनावट मालाचा धोका तिथेच जास्त.

प्र. बँकॉकमार्गे शांघायला जाणार आहे. थायलंडमध्ये गांजा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतो, मग काय अडचण?

मोठी अडचण आहे. चिनी पोलीस बारवर छापा घालून सरसकट लघवीची, कधी केसांची तपासणी करतात. केसांत महिन्यांपूर्वीचा अंशही सापडतो. सेवन कुठल्या देशात केलं हा बचाव तिथे चालत नाही. पंधरा दिवसांपर्यंत कोठडी, दंड आणि वर देशाबाहेर रवानगी. बँकॉकमध्ये गांजाला हात लावू नका, किंवा शांघायला बारमध्ये जाऊ नका. पासपोर्ट मात्र मूळच जवळ बाळगा, चेनच्या खिशात.

प्र. चिंगदाओ शहरात बीअर पिशवीत मिळते म्हणतात. खरं का? (एक वाचक, रत्नागिरी)

खरं. १९०३ मध्ये जर्मन आणि ब्रिटिश व्यापाऱ्यांनी तिथे कारखाना काढला, तोच आजची त्सिंगताओ. गल्लीतल्या दुकानाबाहेर स्टीलचे पिंप असतात. पातळ प्लास्टिकच्या पिशवीत नळाने बीअर सोडतात, तराजूवर वजन करतात आणि तोंडाशी गाठ मारून देतात. माप 'जिन'चं, म्हणजे अर्धा किलो. पहिल्यांदा एक जिनच घ्या. अर्ध्या-पाऊण तासात संपवायची. सोबत तिखट परतलेल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या. रत्नागिरीकरांना जास्त सांगायला नको.

'युआनजियांग' लिहिलेली असेल तर ती न गाळलेली, गढूळ आणि दाट. ती जेमतेम आठवडाभर टिकते, त्यामुळे घरी आणायचा विचार सोडा. देंगझोउ रस्त्यावरच्या जुन्या कारखान्यातलं संग्रहालय बघितलंत तर तिकिटात ती चाखायला मिळते. बीअर महोत्सव तिथल्या ऐन उन्हाळ्यात, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये भरतो. तेव्हा हॉटेलं महाग, गर्दी बेसुमार. जून किंवा सप्टेंबर बरा.

प्र. भेट म्हणून चिनी दारू आणायची आहे. कुठली?

माओताय ही महागडी दारू घ्यायचीच असेल तर फक्त कंपनीच्या दुकानातून. स्टेशनबाहेर निम्म्या किमतीत मिळाली तर ती खोटी समजा. त्यापेक्षा बीजिंगची 'अरगुओतोउ'. शंभर मिलिलिटरच्या हिरव्या बाटल्या कुठल्याही किराणा दुकानात थोड्या युआनांत मिळतात, चार जणांना वाटता येतात आणि कोणी आवडली नाही म्हटलं तरी नुकसान नाही. मद्यांश बहुधा पन्नास टक्क्यांच्या वर असतो, लेबल बघून घ्या. सत्तरच्या वरची दारू विमानात नेऊ देत नाहीत. भारतात माणशी दोन लिटर विनाशुल्क आणता येते. झाकणाला टेप मारा, बाटली दोन पिशव्यांत गुंडाळा आणि सामानाच्या बॅगेत कपड्यांपासून वेगळी ठेवा. या दारूचा वास दोन धुण्यांतही जात नाही.